भडंगावर बसलेला कावळा आणि तुझं ‘चढव’

दिग्या, तुला कोट घातलाय. निळा, चमकणारा, वर टाय. गावच्या चौकातल्या फ्लेक्सवर तू हसतोयस आणि गळ्याखाली कुणातरी नवरदेवाचा कोट चिकटवलाय. तुझी मान बारीक, कोट भरदार, मध्ये बोटभर फट राहिलीय. मागे ढग. तू क्लाउडचं काम करायचास म्हणून तुझ्या चुलतभावानं, संग्रामनं, फ्लेक्सवाल्याला मुद्दाम सांगून ढग टाकायला लावले. त्या ढगांतून तू डोकावतोयस. खाली ओळीनं पुढाऱ्यांची तोंडं, आणि सगळ्यात मोठं तोंड संग्रामचं. काळा चष्मा, कानाला मोबाईल. शोकात पण हा माणूस कुणालातरी फोनच करतोय. मी गाडी थांबवून बघत बसले. रडू यायला पाहिजे होतं, ते आलंच नाही. शी, एवढंच तोंडातून निघालं.

तो फोटो मी काढलेला. आपल्या साताऱ्याच्या ऑफिसच्या खोलीत, एमआयडीसीच्या रस्त्याला, खाली टायर रिमोल्डचं दुकान आणि वर आपण दोघं. रबराच्या वासात दिवसभर कॉम्प्युटर बडवायचे. तुझ्या हातात चुरमुऱ्याच्या भडंगाचं पुडकं होतं आणि तू मला म्हणत होतास, "वैशे, फोटू काय काढतीयास, कारखान्याची साइट पडलीया ती बघ की!" फ्लेक्सवाल्यानं पुडकं कापलं, चुरगळलेला शर्ट कापला, हसू तेवढं ठेवलं. आता जाणारेयेणारे त्या कोटाला हात जोडतात.

संग्राम तुझी स्मरणिका काढतोय. मला म्हणाला होता, "ताई, चार ओळी लिवा भावनिक. लोकांच्या डोळ्यात पानी आलं पायजे." मी बरं म्हणून आले होते. कालच्या प्रकारानंतर तो माझं काही छापेल असं वाटत नाही, आणि छापतो म्हणाला तरी मी देणार नाही. त्याच्या स्मरणिकेत तू ‘संगणक सम्राट’ आहेस. सम्राट! बनियनवर मांडी घालून कॉम्प्युटरपुढं लसूण सोलत बसणारा माणूस तू. तुला हे वाचायला मिळालं असतं तर आधी खुर्चीवरनं पडेपर्यंत हसला असतास आणि मग दिवसभर धुमसत बसला असतास.

लसणाचं सांगायलाच पाहिजे, कारण सगळं तिथनंच सुरू झालं. तुझी आई, जिला तू आक्का म्हणायचास म्हणून मीही आक्काच म्हणते, गावातल्या बायकांच्या गटाबरोबर कांदा-लसूण चटणी करून विकते. तू गावाकडनं येताना लसणाची पिशवी घेऊन यायचास. आपण एखादी साइट चढवायला लावली, म्हणजे इथं लिहिलेलं सगळं नीट बांधून क्लाउडवरच्या सर्व्हरवर पाठवायला लावलं, की ते काम संपता संपायचं नाही. तेव्हा आपण वापरायचो त्या परदेशी टूलला आधी स्वतःच्याच ढीगभर फायली उतरवून घ्यायच्या असायच्या, मग त्या फायलींना लागणाऱ्या आणखी फायली. तोवर तू लसूण सोलायचास. पाकळ्यांचा ढीग झाला तरी पडद्यावरची पट्टी आपली निम्म्यात.

आणि मग साखर कारखान्याचा तो दिवस. गळीत हंगाम ऐन भरात, कुणाच्या उसाला कधी तोड मिळणार ते साइटवर लावायचं होतं, आणि ते टूल ऐनवेळी बसलं. का, तर कुठल्यातरी देशातल्या कुणीतरी कसलीतरी फाईल बदलली म्हणून. कारखान्यातनं फोनवर फोन. "साइट कवा लागनार? हितं लोकं अंगावर याला लागल्यात!" तू मांडीवरची लसणाची पिशवी भिरकावलीस. सगळ्या खोलीभर पाकळ्या. "शी! चटणीची बरणी न्यायला ट्रक कशाला लागतोय रं?" असं तू त्या पडद्याला विचारलंस. मला नाही, पडद्याला. आणि बसलास. दिवस मावळायच्या आत तू आपलं स्वतःचं टूल लिहून काढलंस आणि कारखान्याची साइट त्यानंच वर गेली. मी म्हटलं, ह्याला जरा बरं इंग्रजी नाव देऊया. तू म्हणालास, "साइट चढव, साइट चढव म्हणून दिवसभर वरडतीस की माज्या नावानं. चढवच ठेवूया."

तुझी ती किळस मला तेव्हा फार आवडली होती, हे तुला कधी बोलले नाही. लोक रागावतात आणि शिव्या देऊन मोकळे होतात. तू चिडलास आणि काहीतरी छोटं, नेटकं करून ठेवलंस.

चढव खरंच एवढंएवढंसं. फोल्डरमध्ये जायचं आणि चढव म्हणायचं. ते सगळं बांधायचं, सर्व्हरवर नेऊन ठेवायचं आणि पडद्यावर एकच शब्द लिहायचं, ‘झालं.’ जमलं नाही तर ‘न्हाई झालं’ आणि पुढे एका ओळीत कारण. बास. लोकांच्या हातात गेलं, पुण्या-बंगळुराकडचे वापरायला लागले, तेव्हा तक्रारी आल्या, इंग्रजी करा म्हणून. तू उत्तर दिलंस की दोनच शब्द आहेत, शिकून घ्या. आणि शिकले की लोक! केरळातला एक पोरगा मदत मागताना ‘सर, न्हाई झालं’ असं लिहायचा, आठवतंय का? तू तो मेसेज मला दाखवत खोलीभर फिरला होतास. फक्त आक्का नाराज होती. "ह्ये नवीन केल्यापास्नं लसूण सोलून मिळंना झालाय," म्हणायची.

मग प्रत्येकाला त्यात काही ना काही घालायचं होतं. कुणाला रंग पाहिजेत, कुणाला सरकणारी पट्टी, कुणाला लॉगिन. तुझं उत्तर ठरलेलं, "काय घालू ते नगं सांगू. काय काढू ते सांग." आणि त्यानंतर दुसरं, "आक्काला जमंल का?" कारण आक्काच्या चटणीचं एक पान तू करून दिलं होतंस, आज कुठली चटणी तयार आहे एवढंच सांगणारं. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर तिला एक बटण ठेवलं होतंस. चटणीचा फोटो टाकायचा, बटण दाबायचं. पडद्यावर ‘झालं’ आलं की आक्का त्या पडद्याला म्हणायची, "बरं बाबा." तू फोनवर काहीही सांगितलंस तरी ती असंच म्हणते, तसंच तिथंही म्हणायची. आपण दोघं हसायचो तिला.

आपलं शेवटचं भांडणही त्या चढववरनंच. माझं म्हणणं होतं, चुकीचं काही वर गेलं तर एका शब्दात मागं घेता आलं पाहिजे. तू म्हणालास, "जुनं हाय की तितंच. परत चढव." मी म्हटलं, "अरे, घाबरलेल्या माणसाला जुनं कुठं ठेवलंय ते आठवतं का? तुला आठवतं, जगाला नाही." तू डोकं खाजवलंस आणि म्हणालास, "बगू सोमवारी." शनिवार होता. जिना उतरताना छातीवर हात चोळत होतास. मी विचारलं तर म्हणालास, पित्त झालंय.

रविवारी तू गेलास. सोमवारी मी खोली उघडली, तुझा खण ओढला, आणि आत पित्ताच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. एक नाही, खण भरून. गुलाबी पाकिटं. दिग्या, मला त्या गुलाबी रंगाचीच किळस बसलीय आता. कारखान्याचा सर्व्हर जरा तापला तर तुझ्या मोबाईलवर घंटा वाजायची आणि तू ताटावरनं उठायचास. स्वतःच्या छातीत जळत होतं तर गोळी चघळून गप्प. दवाखाना चौकात, चालत जाण्याइतका. मी किती वेळा सांगितलं. तुझं आपलं एकच, "डॉक्टर उगंच तपासण्या घालतोय." तिथं पण तुला कमीच पाहिजे होतं. मेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. बोलणार मी. मूर्ख होतास तू, आणि मला तुझा संताप येतो, सकाळी उठल्यापासून येतो.

आणि मग मध्येच दुसरंच काही आठवतं. गिऱ्हाईक जिना चढून यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "सर कुठायत?" तू खुर्चीतनं उठायचास, "सर ह्याच हायत," म्हणायचास आणि खाली चहा सांगायला निघून जायचास. मुद्दाम वेळ लावायचास. वर येईपर्यंत माझं बोलणं होऊन गेलेलं असायचं. तू हे कधी बोलून दाखवलं नाहीस आणि मीही कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर म्हणाला असतास, काय डोक्यावर पडलीस का?

तुझ्या जाण्याची बातमी पसरली तशी मोबाईलवर श्रद्धांजल्यांची रीघ लागली. पुण्याच्या मोठ्या कंपनीतला तो साहेब आठवतो का, ज्यानं भर बैठकीत चढवला ‘गावाकडचं खेळणं’ म्हटलं होतं? त्यानं लांबलचक लिहिलंय. त्यानं तुला कसं घडवलं, पहिली वाट कशी दाखवली. खाली लोकांचे अंगठे आणि रडकी तोंडं. मी वाचत गेले आणि मोबाईल पालथा घातला. काही माणसांना कुणी मेलं की भूकच लागते.

तुझं रक्षाविसर्जन तर बघायला पाहिजे होतंस. नदीच्या घाटावर मांडव, खुर्च्या, माईक. पुढच्या रांगेत पुढारी, कारण त्यांना दुसऱ्या गावची रक्षा गाठायची होती. पत्रावळीवर तुझ्या आवडीचं ठेवलेलं, भाकरी, आक्काची चटणी, चहाचा कप, आणि मध्ये भडंगाचा ढीग. आता कावळा शिवायची वाट बघायची. कावळा स्मशानाच्या पत्र्यावर बसलेला, मान वाकडी करून बघतोय, पण खाली येईना. पत्रावळीभोवती माणसांचं दाट कडं. तुझे धाकटे चुलते पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "दिगंबरा, आईची काळजी करू नगंस, आमी हाय!" बांधावरनं भांडण झाल्यापासून ते आक्काशी बोलतसुद्धा नाहीत. कावळा हलला नाही. त्यालाही पटलं नसणार.

मग बायकांनी काय काय कबूल केलं, कुणी म्हणालं घर पडू देणार नाही, कुणी म्हणालं वर्षश्राद्धाला गाव जेवू घालू. कावळा तिथंच. लोक घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात पलीकडच्या पायरीवरनं संग्रामनं माईक हातात घेतला. "दादा! तुजं चढव आमी बंद पडू देनार न्हाई! ते येवडं मोटं करू, येवडं मोटं करू, की त्येच्यात समदं घालू! लॉगिन घालू, ॲप घालू, जाहिराती घालू, तुजा फोटू घालू! जगात तुजं नाव करू!" माईक कर्कश किंचाळला. सगळ्या माना तिकडं वळल्या, माणसं सरकली. आणि कावळा सरळ खाली आला आणि भडंगात चोच घातली.

"शिवला! शिवला!" एकच कालवा. बायका हुंदके द्यायला लागल्या. आणि संग्राम, देवा रे, संग्रामनं त्या कावळ्याला निवडून आलेल्या उमेदवारासारखे हात जोडले.

मी बघत होते, दिग्या. माईककडं न बघता कावळ्याकडं बघणारी तिथं बहुतेक मीच एकटी. कडं फुटलं, वाट मोकळी झाली, कावळा आला. आडवं होतं ते बाजूला गेलं आणि काम झालं. तू हेच म्हणाला असतास. पण तिथं हे कुणाला सांगणार? मला सांगायला तूच नव्हतास. परत येताना गाडीत मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. तू तर नव्हतास ना रे तो? तुला मनातनं कधी वाटलं होतं का, की आपलंही काही मोठं व्हावं, लोकांनी नाव घ्यावं? कधी बोलला नव्हतास. पण गोळ्यांचंही बोलला नव्हतास.

गावानं तर ठरवूनच टाकलं. दिगंबरची इच्छा राहिली होती, संग्रामनं शब्द दिला, कावळा शिवला. आता ह्याच्यावर कोण बोलणार? चढवची किल्ली, म्हणजे त्याचा पासवर्ड, आपल्या दोघांकडे होती. तू गेल्यावर एकट्या माझ्याकडे. ज्याच्या हातात तो पासवर्ड, तो आज चढवमध्ये जे घालेल ते वापरणाऱ्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसणार. संग्रामला तोच पाहिजे होता. त्यानं मला इस्लामपूरच्या त्याच्या ऑफिसात बोलावलं आणि ठेवणीतला चहा पाजला.

त्याच्या ऑफिसातल्या पोरांनी तुझ्या चढवची नक्कल करून तिच्यात भर घातली होती. नाव ‘चढव प्रो’. ती त्यानं मला कौतुकानं चालू करून दाखवली. आधी तुझा तो कोटातला फोटो आला, हार घातलेला. खाली लुकलुकणारी पणती. मागं बासरी. मग ‘आपण कोण?’ म्हणून लॉगिनची चौकट. ती ओलांडली की एका बाजूला तुझा हसरा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला हायवेलगतच्या प्लॉटची जाहिरात. मी विचारलं, "ह्यात साइट चढवायची कुठं?" तो म्हणाला, "हाय की ताई, खाली सरकवा. अजून खाली." मी चहाचा कप खाली ठेवला. तुझ्या मढ्यावर हा प्लॉट विकायला बसलाय, असं स्वच्छ तोंडावर बोलले त्याला. त्याला लागलं नाही. सोज्वळपणे म्हणाला, "ताई, कावळा शिवलाय. आता तुमच्या-माज्या हातात काय हाय?"

मी पासवर्ड दिला नसता, दिग्या. संग्रामसारखे छप्पन्न आले असते तरी दिला नसता. पण आक्काचा फोन आला. "पोरी, दे की त्येला काय मागतोय ते. माज्या लेकाची इच्छा ऱ्हायलीया म्हंत्यात. माजा जीव टांगनीला लागलाय बग." तिला मी काय सांगणार होते? की तुझ्या लेकाची इच्छाबिच्छा काही नाही, कावळ्यापुढची माणसं सरकली एवढंच? लेक जाऊन पंधरवडा झाला नाही अशा बाईला? तुझा जीव कुठं अडकू नये म्हणून ती झुरतेय, तिच्यापुढं माझी मतं घेऊन काय चाटायचीत? मी म्हटलं, येते, देते. फोन ठेवला आणि स्वतःचीच किळस वाटली.

काल गेले. तुमच्या घरापुढच्या सोप्यात चटणीचं काम चाललेलं, बायका मिरच्या-लसूण घेऊन बसलेल्या, हवेत मिरचीचा खाट, जो तो शिंकतोय. आणि मधोमध संग्राम, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, सोबत फोटोग्राफर. मी पासवर्ड देताना फोटो काढायचा होता त्याला. शाल आणि नारळ पण आणलेला. मी म्हटलं, "शाल नको, लवकर आटप." पण तो ऐकतोय कुठला? म्हणाला, "आधी उद्घाटन. मोठ्या आईच्या हातानं." आक्काच्या लॅपटॉपवर त्यानं पोरांकरवी आदल्या दिवशीच ‘चढव प्रो’ घालून ठेवलं होतं.

आक्कानं पदराला हात पुसले. ताज्या चटणीचा फोटो टाकला आणि नेहमीसारखं बटण दाबलं. तू आलास. कोटातला, हारातला, ढगातला. पणती लुकलुकली, बासरी वाजली. आक्कानं एकदा बघितलं आणि तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिली. बासरी संपल्यावर वळली. पडद्यावर, ‘आपण कोण?’

संग्राम म्हणाला, "तिथं नाव टाक, मोठी आई. आन पासवर्ड." आक्कानं बोटानं एकेक अक्षर शोधत स्वतःचं नाव टाकलं. पासवर्ड तिला कुठला माहीत? तिनं बटण दाबलं. लाल अक्षरात आलं, ‘आपली ओळख पटली नाही.’

आक्का त्या लाल अक्षरांकडं बघत होती. मग संग्रामकडं वळून हळूच म्हणाली, "माज्या लेकाच्या घरात मलाच इचारतंय, तू कोन?"

"तसं न्हाई मोठी आई, ते सुरक्षेसाटी..."

"आन त्येचं ते कुटं गेलं? झालं म्हनायचा ते?"

"काढलं ते," संग्राम म्हणाला. "लय गावठी दिसत हुतं."

"काढलंस?" आक्काचा आवाज चढला नाही, पण बायकांचे हात थांबले. "आरं, त्यो गेल्यापास्नं मी रोज दाबतीया ते बटान. चटणी नसली तरी दाबती. तेवडंच एक बोलत हुता माज्यासंगं. ते काढलंस व्हय तू?"

मला तिथं रडू आलं, दिग्या. फ्लेक्सपुढं आलं नाही, घाटावर आलं नाही, ते तिथं आलं. चटणीच्या खाटात कुणी विचारलं पण नाही. आणि त्या रडण्यातच मला कळलं की आपण दोघं तिला हसत होतो ते किती फुकटचं होतं.

संग्राम अजूनही माघार घेईना. "पर मोठी आई, कावळा शिवला की माज्या शब्दावर! समद्या गावानं बघितलं!"

"कावळ्याला भडंग पायजे हुतं," आक्का म्हणाली. "मी केलं हुतं ते. त्यानं खाल्लं. तुज्या शबुदावर शिवला म्हनलासा समदी, मी बी म्हनलं असंल बाबा." मग माझ्याकडं वळली. "पोरी, नगं देऊस त्येला काय बी. माजं हुतं तसं करून दे."

फोटोग्राफरनं कॅमेरा पिशवीत घातला. संग्राम शाल काखेत मारून, कुणालातरी फोन लावत बाहेर पडला. नारळ तिथंच राहिला, तो बायकांनी फोडून चटणीत घातला.

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. त्या सगळ्या पणत्या-बासऱ्या-प्लॉट खणून काढायचे होते, आणि मागं घ्यायचा एक शब्द तू ठेवलेला नव्हतास. तुला मनात शिव्या घातल्या. एवढा एक शब्द घातला असतास तर काय बिघडलं असतं? मग तुझं बोलणं आठवलं आणि फोल्डर उघडून बघितला. जुनं होतं. तिथंच, जिथं तू ठेवलं होतंस, कुणी हात लावला नव्हता. ते परत बसवलं आणि संग्रामचं सगळं पुसून टाकलं. चुटकीसरशी काम झालं, ह्याचा मला आणखीनच राग आला. तू बरोबर होतास असं मी कबूल करत नाही. घाबरलेल्या माणसाला ते सापडलं नसतंच. मी चिडलेली होते, घाबरलेली नव्हते, म्हणून सापडलं. तरी तो शब्द मी चढवमध्ये घालणार नाही. त्यात आता मी काहीच घालणार नाही आणि कुणाला घालू देणार नाही. आपलं भांडण मात्र आहे तिथंच आहे, तेवढं ध्यानात ठेव.

लॅपटॉप आक्कापुढं सरकवला. तिनं परत हात पुसले. बायका काम थांबवून बघत होत्या. ताज्या चटणीचा फोटो, मग बटण. पडदा क्षणभर काळा राहिला आणि मग डाव्या कोपऱ्यात, बारीक पांढऱ्या अक्षरात, कोट नाही, हार नाही, काही नाही.

झालं.

"बरं बाबा," आक्का म्हणाली.